खाटेच्या जागी पिंजरा

१२ नोव्हेंबर

उंदीरच आहेत! प्रमोद काहीही म्हणो.

सकाळी तो परत राजस्थानला गेला, सोलरच्या साइटवर. दिवाळीची सुट्टी संपली. तिकडं बायका नेता येत नाहीत. जाताना माझ्या हातात नांदेडहून आणलेलं खोकं दिलं, वर भोकं पाडलेलं. "गिनी पिग हायेत. तुला सोबत." मला सोबत कोणाची पाहिजे हे त्याला कळत नाही असं नाही. कळतं, म्हणूनच खोकं आणलं.

दोघी आहेत. शेपटीच नाही. एक तपकिरी, एक पांढरी. कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्यात. मी दाराला टेकून. तिघींपैकी कोणीच जेवलं नाही.

१५ नोव्हेंबर

नावं ठेवली. तपकिरी ती बुंदी, पांढरी ती करंजी. फराळाचे डबे अजून तसेच आहेत. एकटी किती खाणार?

घरमालकीण गोजरबाई बघून गेल्या. "अवं करुणा, लोकं उंदरं मारायचं औषध आणतेत, अन् तुझा नवरा पोसायला आणून राहिला!" हसून हसून खाली बसल्या. मला तेव्हा हसू आलं नाही. नंतर भांडी घासताना आलं.

१९ नोव्हेंबर

खोक्याचं बूड ओलं होऊन गळालं. पिंजरा बघावा लागणार.

माहेरून, साखऱ्याहून आईचा फोन. "रविंद्रानं मागची खोली बांधून काढली. तुझ्यासाठीच हाय, माय. हिंगोलीत एकटी काहून राहून राहिली? ये निघून." बघते म्हणाले.

गेले तर परत यायची नाही, हे मला माहीत आहे. आईलाही. म्हणून तर 'चार दिवस ये' असं ती म्हणाली नाही.

२४ नोव्हेंबर

बाजारातून पोपटाचा पिंजरा आणला. उंच, वर घुमट, लटकवायला कडी. दुपारी बुंदीचा पाय तळाच्या जाळीत अडकला. केवढ्यांदा किंचाळली! तार वाकवून पाय सोडवला. यांना उडता येत नाही, चढता येत नाही, मग उंची घेऊन काय करायचंय? मीच मूर्ख. पिंजरा म्हटलं की पोपटाचाच, दुसरं काही डोक्यात येत नाही आपल्या.

प्रमोद म्हणतो, "मोबाइलवर बघ ना, समदं असते त्याच्यात." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

१ डिसेंबर

बघितलं मोबाइलवर. पिंजरा लांब-रुंद हवा, बुटका असला तरी चालेल. तळ सपाट. वारा नको, ऊन नको, फोडणीचा धूर नको. लपायला एक कोपरा. एकीलाच कधी ठेवू नये, झुरते. आणि पिंजरा घरात माणसं बसतात तिथं ठेवावा, म्हणजे बोलण्याची सवय होते.

माणसं बसतात तिथं! पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. दोन्हींवर धूळ.

८ डिसेंबर

थंडी फार. गोजरबाईंनी कोंबड्या झाकायचं डालं दिलं. "पालथं घाल, झालं." झालं काय! खाली गार फरशी, दोघी काकडल्या. शिवाय संध्याकाळी मांजर शिरलं आणि डालं ढकलायला लागलं. मग गोजरबाईंनी गच्चीवरचा जुना कूलर दाखवला. पत्रा गंजलेला, कडा धारेच्या. नको म्हटलं. "लई नखरे तुझ्या उंदरांचे," म्हणाल्या.

रात्री रडले. उगीच नाही. प्रमोदचा फोन वाजला तशी तोंड धुऊन घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा गेला तेव्हा तो म्हणाला होता, "तू रडली की मला तिकडं काम सुचत न्हाई." तेव्हापासून फोनवर मी मजेत असते.

९ डिसेंबर

आज दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोलले. "अर्धा लिटर."

१७ डिसेंबर

रविंद्र मोटारसायकलवर आला. झाकणाची बांबूची टोपली घेऊनच. आत मऊ कापडसुद्धा घातलेलं. "ताई, मांडीवर घेऊन बस मागं. तुझी अन् यांची, दोघांची बी सोय हाय तिकडं." भाऊ माझा गुणी आहे. दोघींना टोपलीत ठेवून बघितलं. मावल्या, पण वळता येईना. प्रवासापुरती ठीक.

टोपली घेतली तर साखरा. मोठा पिंजरा केला तर इथंच, वाट बघत. एवढं सरळ आहे. रविंद्रला म्हटलं, दोन दिवस दे.

प्रमोदला फोन लावला. तुमी कायमचे कधी येणार, नक्की सांगा. "चौदा एप्रिलच्या, जयंतीच्या आत. तुझ्या गळ्याची आन! सायबाला सांगून ठेवलं म्या, एप्रिलनंतर न्हाई म्हणून."

आन घेतली त्यानं. मी मागितली नव्हती.

१९ डिसेंबर

रविंद्रला 'येत नाही' म्हणून कळवलं. आईनं फोन घेतला आणि नुसती "बरं" म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तडक रामप्रसाद वेल्डिंगवाल्याकडे. पाच फूट लांब, तीन रुंद, दीड उंच. बारीक जाळी चारही बाजूंनी, तळाला फळी. माप ऐकून तो हातातलं काम सोडून बघायलाच लागला. "भाभी, चूहों के लिए? शेर भी आराम से सो जाएगा इसमें!"

२८ डिसेंबर

पिंजरा आला. हातगाडीवर. सगळी गल्ली बघायला!

आता ठेवायचा कुठं? स्वयंपाकघरात धूर, पुढं दाराचा वारा. मी बसते, झोपते ती मधली खोली. तिथं दोन खाटा. अर्धा तास नुसती उभी होते. मग प्रमोदची खाट भिंतीला उभी केली आणि तिथं पिंजरा ठेवला. बरोब्बर बसला.

फळीवर मेणकापड, त्यावर जुनी गोधडी घडी करून. कोपऱ्यात फुटकं मडकं आडवं. दुसरीकडे वाळलं गवत. सोडल्यावर दोघी आधी मडक्यात शिरल्या, आणि मग उड्या! चारी पाय एकदम हवेत! या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

गोजरबाईंना फोटो काढायला लावला. पिंजऱ्याशेजारी मी, मांडीवर करंजी, तोंडभर हसू. प्रमोदला पाठवला आणि लिहिलं, तुमची खाट उभी केली, चालेल ना? त्याचं उत्तर, "चालते की! मस्त दिसून राहिली. आता तुझं मन रमलं."

मी 'हो' लिहून पाठवलं.

१४ जानेवारी

पिशवी वाजली की दोघी शिट्टी मारतात. बाहेरून आले की कोणीतरी हाक मारतं, हेच पुष्कळ. कोथिंबीर देताना मी दिवसभराचं सांगत बसते.

पण दिवा घालवला की त्या एकमेकींना बिलगतात. त्यांना माझी गरज खाण्यापुरती. बरोबरच आहे त्यांचं. मला मात्र हेवा वाटतो. उंदरांचा हेवा! काय वेळ आली.

९ फेब्रुवारी

रविंद्रनं मागच्या खोलीत तूर भरली. फोनवर सहज सांगून गेला. त्याचा काय दोष? रिकामी खोली किती दिवस ठेवणार?

२३ मार्च

जयंतीसाठी पांढरी साडी घेतली, निळ्या काठाची. खुर्च्या पुसल्या. पिंजरा आता पुढच्या खोलीत न्यायचा, जाड पडदा लावला की दाराचं वारं लागणार नाही. मधल्या खोलीत खाट परत टाकायची. गोजरबाई चिडवतात, "आता उंदरांची पंचाईत हाय बाप्पा!"

आज फोनवर खोटं बोलावं लागलं नाही. खरंच मजेत होते.

२ एप्रिल

प्रमोदचा फोन. फार खुशीत होता. साहेबानं विचारलं, जैसलमेरच्या नव्या साइटवर दोन वर्षं कोण राहील? बाकीच्या सगळ्यांनी घरचं कारण सांगितलं. यानं साहेबाला माझा फोटो दाखवला, पिंजऱ्याशेजारचा. "म्हणलं, माझ्या बायकोची काही तकलीफ न्हाई. अन् नाव देऊन टाकलं."