गुलाबी दात्यांचं चाक

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण तू ओळखलंच असशील. गाडी. इंजिन गातंय, ब्रेक लागतात, लाल रंग असा चढलाय की मीच त्यात तोंड बघून दाढी करतो. पण माझं घोडं एका टीचभर चाकाशी अडलंय. या दोन सीटच्या स्पोर्ट्‌स गाडीचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असतात. बटण दाबलं की मोटर त्यांना वर उचलते. उजव्या मोटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तुटलं आहे. कंपनीला ते बनवणं बंद करून तीस वर्षं झाली. भंगारवाले मला लांबूनच हात जोडतात.

तपासणी सव्वीस तारखेला. दोनदा नापास झालोय. दुरुस्तीला लागून अकरा वर्षं झाली, तुझी वहिनी त्या गाडीत एकदाही बसलेली नाही. पास झाल्याचा कागद दाखवा, मगच बसेन म्हणते. आणि तिसऱ्यांदा नापास झालो, तर गाडी त्या जुन्या गाड्या जमवणाऱ्याला द्यायची, असा शब्द मी रागाच्या भरात देऊन बसलोय.

तू लोकांना दात करून देतेस, मला दाते करून दे. नकाशा सोबत आहे. व्यास ध्यानात घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

पाच शिकाऊ पोरी आणि एक दंतवैद्य तुझ्या नकाशाभोवती जमले होते. हा कुठल्या प्राण्याचा जबडा, असं दंतवैद्यांनी गंभीरपणे विचारलं. कवळीच्याच मसाल्यात चाक ओतलंय. रंग हिरड्यांचा गुलाबी आहे, त्याला इलाज नाही.

हा मसाला घट्ट होताना आटतो. तुझ्या हे लक्षात राहणार नाही, म्हणून मी मापात अर्धा मिलिमीटर आधीच वाढवला. उपकार मानू नकोस. फक्त वहिनीला गाडीत बसव, म्हणजे मला तुमचा फोटो लॅबमध्ये लावता येईल.

लोभात काटछाट नको.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

चाक मोटरच्या पेटीत जात नाही! मसाला आटतो हे मला ठाऊक नसेल? चाळीस वर्षं कारखान्यात नकाशे काढले मी. तू विसरशील म्हणून मीच अर्धा मिलिमीटर वाढवून लिहिला होता. पण मी अर्धा वाढवला, तू अर्धा वाढवलास आणि अर्धा आटून गेला, तर चाक एक मिलिमीटर मोठं कसं? काल दिवसभर हिशेब करून डोकं उठलं. तुझी मोजपट्टी तपासून घे.

बारा दिवस उरलेत आणि माझा धीर सुटत चाललाय. रागावलोय, पण आशीर्वाद आहेतच.

दादा

१४ मार्च

प्रिय वन्संना स. न. वि. वि.

यांच्याच पाकिटात ही चिठ्ठी सरकवते आहे. तो मधला अर्धा मिलिमीटर माझा. मसाला आटतो, असं हेच जेवताना म्हणाले होते. नकाशात धरायला विसरले असणार, असं मला वाटलं. पाकीट चिकटवायच्या आधी मी ४०.५ चे ४१ करून टाकले. अक्षर इतकं हुबेहूब जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं. आता सांगायची सोय राहिली नाही.

वन्सं, काहीही करा, पण चाक बसू दे. मी तोऱ्यात असते, पण मलाही त्या गाडीत बसायचंय हो. गाडी गेली तर हे खचतील आणि मीही. हे त्यांना कळवू नका, डोक्यावर बसतील.

तुमचीच,
वहिनी

१७ मार्च

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

माझी मोजपट्टी ठणठणीत आहे. बाकीची चौकशी करू नकोस. घराण्यात सगळेच शहाणे आहेत, एवढं समज.

मी कवळी बनवते ती तोंड बघून. शेजाऱ्यांनी केलेल्या वर्णनावरून नाही. ते तुटकं चाक तू कपाटात जपून ठेवलंयस ना? पोस्टात हरवेल म्हणून जीव खालीवर होत असेल, तरी तुकडे आजच्या आज पाठव. आकडा एकही लिहू नकोस. वहिनीलाही लिहू देऊ नकोस. मी तुकडे जोडून थेट त्यावरून साचा घेते आणि दोन चाकं पाठवते.

तुझ्या ओरड्यासकट तुझ्यावर लोभ असलेली,
धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस अनेक अनेक आशीर्वाद.

पास! काल टेम्पोवर घालून गाडी नेली. तपासनिसाने बटण दाबलं आणि दोन्ही दिवे एकदम वर आले. त्याने पुन्हा दाबलं. मग कामाशिवायच चारदा दाबलं. शिक्का मारला आणि गाडी चालवत नेणाऱ्याचा परवाना मागितला. मी ऐटीत काढून दिला. तो संपून दोन वर्षं आणि चार महिने झाले होते.

अकरा वर्षांत गाडीचा एकेक स्क्रू बदलला गं मी, आणि स्वतःचा कागद तेवढा राहिला. पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात तुझ्या वहिनीने पर्समधून तिचा परवाना काढला. कोरा करकरीत! मुदत संपलेल्या माझ्या कागदाची तारीख तिला ड्रॉवर आवरताना दिसली होती. तीनदा मला सांगितलं म्हणे, आणि तिन्ही वेळा मी गाडीखालून हो हो म्हणालो. मग शेजारणीकडे शिवण शिकायला जाते असं सांगून ती सकाळी गाडी शिकत होती.

मी शेजारच्या सीटवर बसलो. ती घरापर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही, पण ओळखीचं कुणी दिसलं की दिवे वर करून दाखवत होती. मला रडू आलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, असं तिला सांगितलं. वेग कसला, वारा कसला!

माझ्या नव्या परवान्याचा अर्ज तिने भरून टेबलावर ठेवलाय. फक्त सही राहिलीय. मी म्हटलं, घाई काय आहे, उद्या पुन्हा एक चक्कर मारून येऊ.

तुझ्या गुलाबी हातांना यश असो.

तुझा,
दादा