सातशेवीस ओळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही नाही! एमिलनं खुर्ची ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर नेली. रेनाटानं हवामान सांगून संपवलं — डोंगरापलीकडे बर्फ, आपल्या खोऱ्यात पाऊस — आणि हसली. पुढे ओठ हलवले की नाही, देव जाणे. तोंडाच्या जागी नुसता लोण्याचा फराटा!

एमिलनं टीव्ही बंद केला. "सोडलं तिनं," म्हणाला.

नऊ वर्षं आमची लेक त्या स्टेशनवर हवामान सांगते आहे. नऊ वर्षं शेवटी कॅमेऱ्याकडे बघून आवाज न काढता म्हणते, "झोपा आता, बाबा." संध्याकाळी साडेसहाला! लोकांना वाटतं, पोरगी गोड हसते. एमिलचे कान पोलादाच्या कारखान्यानं खाल्ले. रात्रपाळी करून तो घरी पोचायचा तेव्हा ही शाळेच्या बसमध्ये चढलेली असायची. काचेआडून ओठांनीच सांगायची, झोपा आता. कारखान्यातली माणसं सगळीच ओठ वाचतात. मला मेलीला ते कधी जमलं नाही.

६ नोव्हेंबर

केबल कंपनीला फोन. पाऊण तास ताटकळत फोनवरची बासरी ऐकली. मग एक मुलगी — "टीव्ही बंद करून परत चालू करा, मॅडम." केला. "आता कसं दिसतंय?" तसंच! "आमच्याकडून चित्र व्यवस्थित जातंय, मॅडम. टीव्ही जुना आहे का? डोळे तपासलेत का?" मी म्हटलं, बाई, डोळे माझे आणि जीभही माझीच, ऐक आता. तिनं परत बासरी लावली.

९ नोव्हेंबर, रविवार

रेनाटाचा फोन, नेहमीसारखा माझ्याशीच. कोबीची भाजी, माझे गुडघे, तिच्या गाडीचे टायर. शेवटी म्हणाली, "बाबा बघतात ना अजून?"

"बघतात."

"मग ठीक."

विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं — बाई गं, तू अजून म्हणतेस ना? पण एमिलनं शपथ घातली आहे. "तू विचारलंस तर ती म्हणेल. मागून घेतलेलं मला नको," म्हणतो. आणि खरं सांगायचं तर मलाच धीर नाही. ती "नाही" म्हणाली तर?

सप्टेंबरात अग्निशमनाची गाडी भोंगा वाजवत मागे आली, ह्याला पत्ताच नाही, तसाच रस्त्याच्या मधून चालवत राहिला. रेनाटा शेजारी बसलेली. घरी येऊन तिनं किल्ल्या उचलून पर्समध्ये टाकल्या. एमिल म्हणाला, "तू कोण मला सांगणारी?" ती म्हणाली, "कुणी नाही," आणि गेली. त्यानंतर आठच दिवसांत चित्र बिघडलं. आता त्याला कोण समजावणार!

१३ नोव्हेंबर

चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, वळायला बसलो होतो. सगळ्यांचं एकच रडगाणं. शेजारची ट्रुडी म्हणाली, "आमच्या ह्यांना बर्फावरच्या हॉकीची चकतीच दिसत नाही. माणसं काठ्या घेऊन उगाच पळताहेत असं वाटतं!" हसलो खूप. घरी येताना वाटलं, ह्यांची चकती हरवली, आमची लेक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिसऱ्या तक्रारीनंतर केबलचा माणूस आला. कर्टिस नाव. वायरी उपटल्या, डबा बदलला, चित्र तेच. मी कॉफी दिली, अक्रोडाची पोळी दिली, आणि सगळं सांगून टाकलं. ओठांचंसुद्धा. तो म्हणाला, "बातम्यांना खाली अक्षरं येतात की." अरे बाबा, जे आवाज न काढता म्हटलं ते खाली कुठून येणार!

त्यानं एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आजी, मी सांगितलं असं म्हणू नका. चित्राच्या ओळी कमी केल्यात. आधी एक हजार ऐंशी होत्या, आता सातशेवीस. आणि त्याही पिळून पिळून. इंटरनेटला जागा हवी म्हणून. सगळ्या खोऱ्यात."

म्हणजे टीव्ही ठीक. डोळे ठीक. आणि कंपनीची ती मुलगी मला "व्यवस्थित जातंय" म्हणाली!

"अँटेनावर हेच स्टेशन फुकट येतं, लख्ख," तो म्हणाला, "पण तुमच्या इथे डोंगर आडवा."

ते मला सांगतोय! डोंगर आडवा म्हणून तर माझ्या लहानपणी सगळ्यांच्या आधी ह्या खोऱ्यात केबल आली. काय मिरवायचो आम्ही!

एमिलला सांगितलं. माझ्या ओठांवरून सगळं नीट वाचलं त्यानं. म्हणाला, "ओळी कमी झाल्या असतील. म्हणून काय ती म्हणतेच आहे असं होतं का?"

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

रेनाटा आली नाही. सणालाही हवामान असतंच, म्हणाली. दोघांना एवढी टर्की कशाला लागते? रडले. ओट्याकडे तोंड करून रडले, त्याला दिसू नये म्हणून.

३ डिसेंबर

एमिल हल्ली बातम्या लावतच नाही. सहा वाजले की उठून गॅरेजमध्ये जातो आणि न चालवायची गाडी पुसत बसतो.

९ डिसेंबर

ट्रुडीनं बातमी आणली! टेकडीवरच्या स्लोव्हाक क्लबात हॉकीपायी मारामारीची वेळ आली, तेव्हा बारवाल्यानं चिडून केबल तोडली आणि छपरावर अँटेना चढवला. तिथे डोंगर आडवा येत नाही. शुक्रवारी तिथे मासे असतातच. ट्रुडी गाडी काढणार आहे.

एमिल म्हणाला, "मला नाही यायचं."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द चावून सांगितलं, "मासे खायला ये. टीव्हीकडे पाठ करून बस."

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाठ करून कसला बसतो! सहा पंचविसाला बारवाल्यानं हॉकी बदलून बातम्या लावल्या, कुणी ब्र काढला नाही. ट्रुडीनं सगळ्या क्लबाला सांगून ठेवलेलं, दुसरं काय! चित्र लख्ख. रेनाटाच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा! ती हसली. ओठ हलले — मलासुद्धा दिसले. एमिल दगडासारखा.

"म्हणाली ना? झोपा आता?"

"नाही."

मी त्याची बाही धरली.

"दिसतंय का, बाबा — असं म्हणाली."

आणि उठला. अकरा वर्षांत फोनला हात न लावलेला माणूस भिंतीवरच्या फोनशी गेला, तिचा नंबर तोंडपाठ फिरवला आणि ओरडला, "दिसतंय! रेनाटा, दिसतंय गं!" मी कान लावला. पलीकडे निरोप टिपून ठेवणारं यंत्र. ती स्टुडिओत, उचलणार कोण?

"उचलला का तिनं?" माझ्या ओठांकडे बघत त्यानं विचारलं.

"हो," म्हटलं.