पानात वाढलेलं लिमिट

४ जानेवारी, रविवार
मोबाइलवर सिबिल स्कोअर पाहिला, म्हणजे कर्ज देताना बघतात ते मार्क. ७५८.
काल मेहकरला बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, चालतंय की, सातशे तीसच्या वर असला म्हणजे झालं, याच आठवड्यात फाइल द्या, आईंचं मसाला कांडप फेब्रुवारीत सुरू होईल. आई ऐकतच खुर्चीतून उठली. मला मात्र ते ‘चालतंय’ खटकलं. शाळेत जाण्याआधी मला आमच्याकडेच राहणाऱ्या शालूआत्याने घरी शिकवलं. तिच्याकडे चालतंय नव्हतंच. काठावर पास म्हणजे नापासाची सख्खी बहीण, म्हणायची.
कर्ज माझ्या नावावर निघणार, कारण घरात पगाराची स्लिप माझ्या एकटीकडे (लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते). म्हणजे इज्जतही माझीच.
निर्धार: आधी ८०० करायचे, मग मान वर करून फाइल द्यायची. महिना पुरे. आईला सांगितलं, मॅडमनी मार्क वाढेपर्यंत थोडं थांबायला सांगितलंय. हे खोटं नाही. माझा विचार कळला असता तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

११ जानेवारी
८०० का होत नाहीत ते सापडलं. कार्डाचं लिमिट चाळीस हजार. मी वापरते महिन्याला दीड-दोन हजार. म्हणजे बँकेने ताट भरून वाढलं आणि मी दोन घास खाऊन उठते! वाढणाऱ्याला काय वाटत असेल? आत्याचा पहिला धडा: पानात वाढलेलं टाकायचं नाही.
काल लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या समताला सांगितलं. ती म्हणाली, काऊन वं, ते काय जेवणाचं ताट हाय? उधारी हाय ते. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं लागते, नाहीतर मार्क कापतात.
समता डाएटवर आहे. तिला कुणाचंच भरलेलं ताट बघवत नाही.

१८ जानेवारी
ताट संपवलं. सगळं कामाचंच. वजनकाटा, चाळण्या, पिशव्या सील करायचं यंत्र, स्टीलची पिंपं, आणि मोठा बोर्ड: कोकिळा मसाला कांडप. एकूण ३९,६४०. उरलेले मुंग्यांना.
आता फक्त मशीन राहिली.
आईने बोर्डावरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग गल्लीतल्या बायांना सांगून आली, औंदा मिरच्या कुठं नेऊ नका, माह्याकडंच या.

३ फेब्रुवारी
बिल आलं. शेवटची तारीख ९. बिल एकोणचाळीस हजार, पगार अकरा. हा मुद्दा आधी लक्षात यायला हवा होता, पण लॅबमध्ये कामं फार होती.
खाली बारीक अक्षरात: किमान देय रक्कम १,९८२. अपमानच आहे हा. वाढलेलं सगळं जेवायचं आणि जाताना हातावर दोन हजार टेकवायचे? देईन तर पूर्ण. कसे, ते ठरायचं आहे. तत्त्व ठरलं.
स्कोअर ७२१. एवढा विश्वास एकदम पचायला वेळ लागत असेल त्यांना.

८ फेब्रुवारी, रविवार
पगार झाला. तत्त्वात थोडी लवचिकता आणली. नऊ हजार भरायचे.
आज नाही. बँक बंद. सुट्टीच्या दिवशी लोकांना पैसे मोजायला लावणं बरं दिसत नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०
बस गावी, साखरखेर्ड्याला, उशिरा पोहोचली. दारात पाय ठेवते तर आत्या दिवा लावून हात जोडत होती. दिवा लागल्यावर लक्ष्मी घराबाहेर काढायची नाही. मी हळूच मोबाइल उचलला. आत्या म्हणाली, ठेव तो. मी म्हटलं, आत्या, पैसे दारातून जात नाहीत, मोबाइलमधून जातात. ती म्हणाली, मंग तुहा मोबाइल काय घराबाहेर हाय?
ठेवला. उद्या उजेडात.

१२ फेब्रुवारी
उजेड मिळत नाही. सकाळी बसमध्ये रेंज नसते. लॅबमध्ये मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. घरी यावं तर दिवा.
बँकेकडून रोज एका मुलीचा फोन येतो. आज तिला दिव्याचं नीट समजावलं. ती म्हणाली, ओके मॅम, पण पेमेंट कधी करताय मॅम? मुलगी नम्र आहे. समजून घेतलं तिने.

१५ फेब्रुवारी
रविवार, त्यात महाशिवरात्र. आज तर प्रश्नच नाही.

१६ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवर उघडून नऊ हजार भरले. कसं हलकं वाटलं! उशीर झाला तो नियम पाळल्यामुळे झाला. नोंद ठेवणाऱ्यांना ते दिसेलच.

८ मार्च
दिसलेलं नाही. ६८३.
शिवाय दंड, व्याज आणि दोन्हींवर जीएसटी. नऊ हजार भरूनही बिल तेहतीस हजारांवर.
समता म्हणाली, उशिराचा डाग लवकर निंघत नाही माय, आता गप राहा, नवीन काही मागू नको. पण मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. आणि आणखी कुणी माझ्यावर विश्वास दाखवला तर या लोकांनाही पटेल. चार ॲपवर कर्जाचे अर्ज केले. चार साक्षीदार झाले.

१४ मार्च
चारही साक्षीदार फिरले. ६५२. समता म्हणते, अर्ज केले त्याचेही मार्क कापले. मागितलं म्हणून कापतात, वापरलं म्हणून कापतात. मग कार्ड देतात कशाला?
आईने पुढच्या खोलीला गिलावा करून घेतला. विजेच्या मोठ्या मीटरचा अर्ज दिला. मिरच्या वाळल्या, बाया रोज डोकावून जातात. आई रोज विचारते, वाढले का वं मार्क? मी म्हणते, पेपर तपासायला गेलेत.

२३ मार्च
बँकेत गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. जाताना मी मनातल्या मनात सगळं बोलून ठेवलं होतं: दिवा, रविवार, महाशिवरात्र.
मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. म्हणाल्या, तुम्हाला जानेवारीतच सांगितलं होतं ना, याच आठवड्यात फाइल द्या म्हणून? आता वर्षभर बिल वेळेवर भरा, शिल्लक कमी ठेवा, मग बघू. पुढचा माणूस मागे उभाच होता.
बसने परतलो. गाव आल्यावर आई म्हणाली, तवा घरी आल्यावर तू त म्हणली, मॅडमनं थांबायले सांगतलं.
मी म्हटलं, हाव.
तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सविस्तर सांगितलं असतं.

८ एप्रिल, संध्याकाळी
खालच्या आळीत कलाबाईंनी कांडप मशीन आणली. आमच्याकडे यायच्या त्याच बाया तिथे पाट्या घेऊन बसतात. आई तिथे रोजाने जाते. दिवसाला तीनशे.
उद्या बिलाची शेवटची तारीख. पगार लांबला, किमान रकमेला अडीचशे कमी पडत होते. मी कुणाला बोलले नव्हते. आज आई दारातच ठसकत बसली. डोळे लाल, हात कोपरापर्यंत लाल. मला म्हणाली, तुले कमी पडत असतीन, घे. आणि माह्या हाताले तिखट हाय, पदराची गाठ तूच सोड.
सोडली.