आयझिरेकची तपासणी

सूनबाई नुरझात,

तू बेकरीतून परत येशील तेव्हा आम्ही दोघी घरी नसू. आयझिरेकला घेऊन मी नारीनला, अपंगत्व ठरवणाऱ्या कमिशनपुढे चालले आहे. तिच्या दाखल्याची मुदत आज संपते. नवा मिळाला नाही तर पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद होईल. डॉक्टरांचा कागद आणि शाळेचं पत्र घेतलंय. तुझं ओळखपत्र न विचारता घेतलं, रागावू नकोस. मटणाच्या रश्शाचा शोर्पो चुलीवर आहे, गरम करून खा.

गेल्या वर्षी तिथे चूक माझी झाली. परक्यांसमोर नातीची शोभा होऊ नये म्हणून मी तिला नवा फ्रॉक घातला, कोपर धरून टेबलापर्यंत चालवलं, वर कविताही म्हणायला लावली. त्यांनी 'सुधारणा आहे' असं लिहून दोन वर्षांऐवजी एकच वर्ष दिलं. तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

काल तू तिच्या कानात सांगितलंस, "उठूच नकोस, खुर्चीत बसून राहा." मी ऐकलं. सकाळी ती मला विचारते, "आजी, जे येतं ते येत नाही म्हणायचं का?"

चाळीस वर्षं मुलं शिकवलीत मी. मग म्हटलं, "नाही गं. जमेल तेवढं चाल."

"आणि पडले तर?"

"तर पड."

चौथ्या पावलाला तिचा गुडघा मुडपतो, तुला ठाऊकच आहे. मी भिंतीपाशी उभी राहीन, हात पाठीमागे घट्ट धरून.

— तुझी सासू, अपा