अंतरा नसलेल्या चिजा

नाना, तुमच्यावरची माझी चीड अजून गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. आता मी तुमच्याहून म्हातारी झाले, तरी पेटी उघडली की तुम्ही आठवता आणि डोकं फिरतं. दिवसा मध्यभारत सरकारची कारकुनी आणि संध्याकाळी चिजा बांधणं, हे तुमचं आयुष्य. पण चिजा कशा, तर अर्ध्या! अस्ताई अशी की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी, आणि पुढे अंतऱ्याची वेळ आली की तुम्ही भाता बंद करून उठायचात. एकदाच तुम्ही अंतरा पुरा केलात, आणि त्याच दुपारी आई गेली. ती कित्येक दिवस विषमज्वराने पडून होती, नाना. तिला तापाने नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मावशीने सांगितलं, पण तुम्ही त्या बिचाऱ्या अंतऱ्याला खुनी ठरवून मोकळे झालात.

इंदूरला रेडिओ सुरू झाला तेव्हा तुमचे तबलजी मित्र घरी आले. मी आत पोहे परतते आहे आणि बाहेरून त्यांचा आवाज येतो आहे, "नानाजी, बिटिया का गला सोना है. घरची चीज गाऊ द्या तिला. बस अंतरा बांधून द्या, बाकी मैं देख लूँगा." मी कढई तशीच टाकून बाहेर आले आणि तुमचे पाय धरले. "एकदा भोगलंय मी," तुम्ही म्हणालात, "अब तूच एक राहिलीस, बेटा. नाही बांधणार." दुसऱ्या कुणाची चीज तुम्ही मला शिकवलीच नव्हती. रेडिओच्या चाचणीला मी तुमची एक अस्ताईच फिरवून फिरवून गायले. "अंतरा, बेटी?" समोरच्या बुजुर्गांनी विचारलं. मी नमस्कार करून उठले. परतताना टांग्यात तुम्ही माझ्या हातात कचोरी ठेवलीत. "खा, ठंडी हो जाएगी." मी जिवंत होते, एवढ्यावर तुम्ही खूश होतात. मला ती कचोरी तुमच्या तोंडावर फेकावीशी वाटली.

पुन्हा मला कुणी बोलावलं नाही. तुमच्या अस्तायांना लोकांनी आपापले अंतरे जोडले आणि आज त्या त्यांच्या नावावर गायल्या जातात. मला तुम्ही जगवलंत म्हणे, गाणं मारून.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. गेल्या महिन्यात त्या चाचणीतल्या चिजेला मी तुकड्या-तुकड्याने अंतरा बांधला. तुमच्याहून बरा जमलाय, असं मुद्दाम कळवते. काल तो पहिल्यांदा सलग गायला बसले. नात शहराबाहेरच्या राऊहून, कॉलेज सुटल्यावर, स्कूटरवर घरी निघालेली. मी वरच्या 'सा'पर्यंत पोचले, शेवटची ओळ तेवढी उरली होती, आणि माझा हात भात्यावरून खाली आला. दारात चपला काढत "आजी, भूक लगी है" असं ती ओरडेपर्यंत मी तशीच बसून होते. ती आल्यावरही मी ती ओळ गायले नाही. दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर पुन्हा राऊला जायचंच होतं ना.