सुनेनं मला डल म्हटलं

६ नोव्हेंबर
डल! प्रेरणा मला डल म्हणाली! सूनबाई येऊन अजून वर्ष झालं नाही. ओट्यापाशी उभी राहून फोनवर गणेशला सांगत होती, "आई फारच डल झाल्यात." आणि माझा मुलगा तिकडे पुण्यात बसून ऐकून घेतो! मी दारामागेच होते. गुपचूप परतले.

७ नोव्हेंबर
ह्यांना विचारलं, डल म्हणजे काय हो? पेपरातून डोकं वर न काढता म्हणे, "मार्केट डल हाय. कापसाले कोनी विचारून नाही राह्यलं." म्हणजे मला कोणी विचारत नाही! छान.

८ नोव्हेंबर
नसीमाकडे ब्लाउज शिवायला टाकलं. कापड पाहून म्हणते, "भाभी, हा रंग डल हाय. पोपटी घ्या." असं होय! रंगाचं दुखणं आहे तर! दुपारी तोंडाला हळद-बेसन फासून बसले. बसल्या जागीच झोप लागली. कुरिअरवाला मला पाहून उलट्या पावली पायरी उतरला.

९ नोव्हेंबर
दिवसभर पोपटी साडी. वरून स्वेटर – थंडी वाजते. हे म्हणाले, "कोनाच्या लग्नाले चालली व?" आणि प्रेरणा? नुसती टक लावून पाहते.

११ नोव्हेंबर
शेजारच्या कोकिळाबाई मास्तरीण होत्या. त्यांना विचारलं. "आमच्या शाळेत ढ पोरांले डल म्हनत." ढ!! मी!
जेवताना मुद्दाम एकोणतीसचा पाढा म्हटला, मोठ्यानं. सातावर अडकले. हे हसले. प्रेरणा नाही हसली.

१३ नोव्हेंबर
प्रेरणा म्हणाली, "आई, उद्या खामगावला दवाखान्यात जाऊ. माझ्यासाठी चला." हळू आवाजात! गोड बातमी असणार! जा पोरी, सगळं माफ. लोकर कुठली आणावी?

१४ नोव्हेंबर
रक्त माझंच काढलं!! परतताना बसमध्ये तिच्यापासून लांबच्या सीटवर बसले.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट घ्यायला दोघी पुन्हा खामगावला. थायरॉइड निघालं. रोज सकाळी अनशापोटी गोळी. येताना बसमध्ये विचारलं, "तुला कसं कळलं ग?"
खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माझी आई अशीच डल होत गेली. सारखी झोपायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो."
प्रेरणाची आई कशानं वारली, हे मी तिला आजवर विचारलंच नव्हतं.