आरशांच्या खोलीत गेम का रखडायचा

सोमवार, संध्याकाळ

ती. मामास सा. न. वि. वि.

मामा, शनिवारीच पत्र पाठवलं होतं आणि आज परत, म्हणजे तुला वाटेल काहीतरी झालंय. झालंय. पण आधी हे लिहिते की बारक्या आता बरा आहे, जेवून झोपलाय. तू घाबरू नकोस, मी एकटीच सगळ्यांच्या वाटचं घाबरलेय.

संपादकबाई मला गेम बाजारात यायच्या आधी खेळायला पाठवतात आणि मी कसा आहे ते लिहून दहापैकी गुण देते, हे तुला माहितीच आहे. नववीत शाळा सोडलेली मुलगी दुसऱ्यांचे पेपर तपासते म्हणून तू किती हसला होतास. मागे त्या शर्यतीच्या गेमला मी चारच दिले, कारण मोठ्या मशीनवरचा गेम फोनवर आणलाय खरा, पण बटणं अशी ठेवलीत की पुढचा रस्ता आपल्याच अंगठ्याखाली जातो. मग तो बेटावरचा जुना गेम नवा करून काढला, त्यात चित्रं चकचकीत पण समुद्राचा आवाजच गायब.

आणि ह्या वेळी आला 'सातवा मजला'. तुझा! तू पंपघरावर जायच्या आधी त्या कंपनीत बसून केलेला. तोच नव्यानं बनवलाय, शुक्रवारी येणार आहे. मी इतकी खूश झाले की दोन वेळा संपवला. जुन्या गेमची एक खोड सगळ्यांना तोंडपाठ आहे. आरशांच्या खोलीत बाहेर वीज चमकते, ती सगळ्या आरशांत दिसते, आणि तिथे गेम रखडायचा, चित्र अडकत अडकत चालायचं. ज्यानं त्यानं त्यावरून तुला नावं ठेवलीत. मी लिहिलं की नव्यात ते रखडणं गेलंय, विजा सपासप चमकतात, आणि ह्या एका खोलीसाठीसुद्धा गेम घ्यावा. नऊ गुण दिले आणि सकाळी लेख पाठवून टाकला.

दुपारी बारक्या शाळेतून आला, भुताचा गेम दाखव म्हणून मागेच लागला. मी त्याला शेजारी बसवलं. आरशांच्या खोलीत गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं, घाबरलाय का म्हणून. तो टीव्हीकडे बघत होता पण डोळ्यांत कुणी नव्हतं. मग त्याच्या मांडीवरची उशी घसरली आणि तो ताठ झाला आणि हातपाय झटकायला लागला. मामा, मला आधी वाटलं सोंग करतोय. मी त्याला म्हटलं, पुरे रे.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या आणि त्याच्या दातांत चमचा घालायला गेल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला, का ते माहीत नाही. तेवढ्यात आई दुकानातून धावत आली, गळ्यात मापाची टेप तशीच. आणि तिनं विचारलंच नाही काय झालं. तोंड भिंतीकडे करून, चाचपडत तिनं टीव्हीची वायर ओढून काढली. मग बारक्याला कुशीवर वळवलं, रोज करत असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले फिट आली, बुधवारी तपासणी करू.

आई काहीच बोलत नाही. मी पण. तू तरी काहीतरी लिही. जीपवाल्याकडे देते, उद्या मिळेल.

तुझा लोभ आहे तेवढा सगळा ह्या वेळी लागणार आहे,
घुमी


मंगळवार

चि. घुमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन नंबरचा पंप बंद करायचाच विसरलो, टाकी वाहून गेली. साहेब ओरडले. ओरडू देत.

आधी कामाचं. ते मशीन गुंडाळून माळ्यावर टाक. कधी कुठे असा लखलखाट आलाच तर बारक्याला शिकव, एक डोळा तळहातानं घट्ट झाकायचा आणि तोंड फिरवायचं. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत येतोच. परत पडला तर कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काहीतरी दे, तोंडात काही घालू नकोस. काकूंचा हात धरलास ते छान केलंस. काकूंना माझा नमस्कार सांग आणि चमचा लपवून ठेव.

आता दुसरं. आरशांच्या खोलीत गेम रखडायचा तो बिघाड नव्हता. तो मी घातला होता, मुद्दाम, विजा हळू पडाव्यात म्हणून. नव्या लोकांनी चूक समजून काढून टाकला असणार. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं तेही आज मला नीट सांगता येत नाही. का घातला, ते तू आईला विचार. मी तिला शब्द दिलाय, तो मोडणार नाही.

तुझे नऊ गुण परत घे, घुमे. शुक्रवार यायच्या आत. जे बारक्याला झालं ते आणखी कुणाच्या घरी सोफ्यावर होऊ शकतं, आणि तिथे कुणी चमचा अडवायला नसेल.

उत्तर जीपबरोबरच पाठव. मी फाटकाशी उभा असेन.

मामा


बुधवार

ती. मामास सा. न. वि. वि.

मी संपादकबाईंना फोन केला. मी, फोन! आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, तरी बाई तीनदा म्हणाल्या की जरा मोठ्यानं बोल. त्या चांगल्या आहेत, पण म्हणाल्या की शुक्रवारच्या आत कुणी काही छापायचं नाही असं कंपनीनं लिहून घेतलंय. आणि एका मुलाला फिट आली ती गेममुळेच कशावरून? कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. ते रखडणं मुद्दाम होतं आणि अमुक एका कारणासाठी होतं, असं सांगणारं मोठं माणूस पाठीशी उभं राहिलं, तर त्या करार बाजूला ठेवून छापतील. नाहीतर फार तर लेख थांबवतील. लेख थांबवून काय होणार, गेम थोडाच थांबणार आहे?

सकाळी तपासणी झाली. बारक्याच्या डोक्याला वायरी लावल्या आणि समोर दिवा लुकलुकवला. मी काचेबाहेर होते. दिवा जोरात लुकलुकायला लागला तसं कागदावरच्या रेघा पिसाळल्यासारख्या झाल्या आणि तपासणी करणाऱ्या बाईंनी लगेच दिवा बंद केला. डॉक्टर म्हणाले की काहींना अशा उजेडाचा त्रास असतो, बऱ्याचदा घरात आणखी कुणाला असतो, तुमच्याकडे आहे का. आई म्हणाली नाही. लगेच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं तर ती पर्सची चेन लावत होती, आणि ती लागलेलीच होती.

येताना झाडांच्या रस्त्यानं आलो. उन्हाचे पट्टे पडले होते. तुला माहितीये ना, आई त्या रस्त्यानं एक डोळा हातानं झाकून चालते? आम्ही तिला लहानपणापासून चाचीण म्हणतो, समुद्रावरच्या चाच्यासारखी म्हणून. बारक्या आजपण म्हणाला. मला हसू आलं नाही. तुझं पत्र माझ्या खिशातच होतं.

घरी आल्यावर मी विचारलं. मामानं ते का घातलं, म्हणून. आई कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. ती म्हणाली, दादानं सांगितलं का? मी म्हटलं, नाही, तुला विचार म्हणाला. तर ती परत उसवायला लागली, आणि जी शिवण ठेवायची होती तीपण उसवून टाकली.

मामा, मला आता तिचीपण भीती वाटते. म्हणजे तिला काही होईल ह्याची. मी रात्रभर दोघांचे श्वास मोजत बसणार का?

काय करू ते कळव. लोभ आहेच, धीरही थोडा पाठव,
घुमी


बुधवार

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पोरीला आलेलं पत्र वाचलं, तिच्याच पाकिटात हे घालते आहे. तिनं वाचलं नाही, मी चिकटवून दिलंय.

तू शब्द पाळलास असं तुला वाटतं. अरे, बोट दाखवून गप्प बसायचं ह्याला शब्द पाळणं म्हणतात का? त्या ऑफिसात मी तुझा डबा घेऊन आले, तुझ्या शेजारी बसून तुझा गेम बघितला, आणि सगळ्यांच्या पायांशी पडले. कपडे खराब झाले होते माझे, दादा. एकोणीस वर्षांची होते. त्या सगळ्यांत एक जण ज्याच्याशी माझं ठरत होतं त्याच्या ओळखीचा निघाला. पुढचं तुला माहीत आहे. नंतर ह्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते गेले तेव्हासुद्धा मनात आलं की आता निदान लपवायला नको. असला विचार करणारी बाई आहे मी.

दुकानात शिलाई मशीनवर मला बसवतात ते कुणाला माहीत नाही म्हणून. उद्या छापून आलं तर मालक मला सुईला हात लावू देईल का?

आणि तू लिहितोस गेममुळे. मला वाटतं बारक्या माझ्यामुळे पडला. माझ्याकडूनच गेलंय ते त्याच्यात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, कपाळावर त्या वायरींचे डाग.

मला काही सुचत नाही. रागावले आहे तरी तुझ्या लोभाची आशा सोडलेली नाही.

बायो


गुरुवार, सकाळी

चि. बायोस आशीर्वाद.

जीपवाल्याला थांबवून लिहितोय, अक्षर समजून घे.

तुझ्यामुळे तो पडला नाही. तुझे डोळे तुझ्या पोराला मिळाले, नाक मिळालं, हेही मिळालं. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या दिवशी जे हसले त्यांची मला लाज वाटली होती. पुढे मी विजा हळू केल्या. साहेब म्हणाले गेम लंगडा दिसतो, मी म्हटलं दिसू दे. मग जगभर लोक त्याला लंगडा म्हणाले, तेही ऐकून घेतलं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू तो विषयच काढू देत नव्हतीस.

संपादकबाईंना मी माझ्या नावानं लिहितोय की ते मुद्दाम होतं. त्या 'का' म्हणून विचारतील. तिथे मी गप्प बसेन. तुझं नाव माझ्या तोंडून आजही येणार नाही. पण माझं गप्प बसणं कुणी छापणार नाही, बायो. उद्या शुक्रवार.

दुकानाचं होईल ते होईल. पंपघरावर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

तू म्हणशील ते खरं. माझा लोभ त्यावर अवलंबून नाही.

दादा


शनिवार, संध्याकाळ

ती. मामास सा. न. वि. वि.

सगळं सांगते, पण मला एका ओळीत सांगता येत नाही, तू चिडू नकोस.

गुरुवारी तुझं पत्र आलं, ते आईनं दुकानाच्या पायरीवरच वाचलं. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली, पहिल्यांदाच. मला म्हणाली, तुझं ते लिहायचं उघड. ती पडद्याकडे पाठ करून बसली, भिंतीकडे तोंड करून, आणि म्हणाली, "लिही. आरशांच्या खोलीत मी पडले होते. माझ्या भावानं त्या विजा माझ्यासाठी हळू केल्या. आता माझा मुलगा पडला." पुढे आणखी सांगितलं, कसं वाटतं, काय करायचं. मी टाइप करत होते आणि चुकत होते. नाव घालू का विचारलं तर म्हणाली, 'लिहिणारीची आई' घाल, तेवढं माझं नाव खरंच आहे.

बाईंनी तुझ्या पत्रासकट त्याच संध्याकाळी छापलं. नऊ गुण खोडून तिथे काहीच ठेवलं नाही, नुसती मोकळी जागा. कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. मी घेतला. त्यानं आवाज चढवला तेव्हा माझा बसला, पण कुठल्या दारातून गेल्यावर होतं ते मी सांगितलं, आणि मग तो हळू बोलायला लागला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात नीट करू, तोवर सुरुवातीला सूचना टाकू. पुढच्या आठवड्यात! आणि गेम काल आला.

लोक हसतायत. भित्री भागूबाई, आईला मध्ये आणणारी, असलं काय काय लिहितात. एकानं लिहिलं की रखडणं परत आणलं तर पैसे परत द्या. बघायचं नाही ठरवलंय तरी बघते. आईच्या मालकानं अजून काही विचारलेलं नाही, आई कालही आणि आजही, आता विचारेल म्हणूनच गेली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

आज दुपारी मी बारक्याला गोळी देत होते आणि वरून आवाज आला. वरच्या मजल्यावर ते दोघं भाऊ राहतात, मोठा आणि धाकटा, ज्यांच्याशी मी कधी जिन्यातसुद्धा बोललेले नाही, ते आले की मी भिंतीला चिकटते. छतातून पेटीसारखं संगीत यायला लागलं. मामा, ते संगीत मी झोपेतपण ओळखीन. त्यानंतर लांब बोळ येतो, मग जिना, मग ती खोली. सूचना कुणी वाचत नाही. मीच कधी वाचत नाही.

मला वाटलं आईला सांगावं, पण ती दुकानात. काकूंना सांगावं, तर त्या चमचा घेऊन येतील. मग मी बारक्याला म्हटलं इथून हलू नकोस, आणि गेले. बेल वाजवली तर कुणी उघडेना, आवाज मोठा ठेवला होता. दार लोटलेलंच होतं. आत पडदे ओढून अंधार केलेला, मोठ्याच्या हातात बटणं, धाकटा टीव्हीच्या अगदी पुढ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. बोळ संपला होता. टीव्हीवर जिना चढणं सुरू होतं.

मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. मोठा ओरडला, ए कोण तू, बाजूला हो. मला बोलता येईना. तोंड उघडलं आणि नुसती हवा. मागे वीज सुरू झाली, भिंतीवर माझी सावली नाचायला लागली, म्हणजे खोली आलीच होती. मी वाकून धाकट्याचे डोळे दोन्ही हातांनी झाकले. तो मला चावला. मी सोडलं नाही. आणि मग आवाज आला, माझाच, खूप मोठा.

"बंद कर. माझा भाऊ ह्यानं पडलाय."

मोठ्यानं बंद केला. धाकटा रडत होता, मीपण. मोठा म्हणाला, तू खालची ना, न बोलणारी? मी म्हटलं, हो. मग मी त्यांना सगळं सांगितलं, सगळं, आईचंसुद्धा, बसून. किती वेळ बोलले काय माहीत. खाली आले तर आई दारात उभी, बारक्याला पोटाशी धरून. कुठे होतीस विचारलं. मी म्हटलं, वर. त्यांच्याशी बोलत होते. आई माझ्या हातावरचे दातांचे वण बघत राहिली. मग म्हणाली, "पलीकडच्या इमारतीतही पोरं आहेत. चल, मी येते तुझ्याबरोबर."

आम्ही आत्ता निघतोय. बारक्याला बरोबर घेतोय, एकटा ठेवायचा नाही. आईनं माझा दंड आत्तापासूनच धरलाय. पत्र पुढच्या वळणावर जीपवाल्याला देईन.

असाच जीव लावत राहा, मामा. आम्हांला किती दारं वाजवायची आहेत ते अजून माहीत नाही.

तुझी,
घुमी